प्रयोग सुटल्यावर चूल पेटलेली हवी

बारामतीत चांगले नाटक लागले किंवा गाण्याची मैफल ठरली, की तिकीट काढणाऱ्या कुटुंबापुढे लगेच दुसरा प्रश्न येतो: जेवायचे कुठे? नटराज नाट्य कला मंडळाचा कार्यक्रम असो की विद्या प्रतिष्ठानच्या ग. दि. मा. सभागृहातला, प्रेक्षक फक्त शहरातला नसतो. भवानीनगर, सणसर, वालचंदनगर, निमगाव केतकी, थेट इंदापूरपर्यंतची माणसे गाडी काढून येतात. इंदापूर-बारामती अंतर पन्नास किलोमीटरच्या घरात. एवढे अंतर तोडून आलेल्या कुटुंबाला नीटनेटक्या जागी, निवांत बसून चांगले जेवायचे असते. खिशात पैसे असतात, अंगावर ठेवणीतले कपडे असतात, मन प्रसन्न असते. आपल्या धंद्यात याहून चांगले गिऱ्हाईक कोणते? आणि नेमके याच गिऱ्हाइकाला आपण उपाशी परत पाठवतो आहोत.

तालुक्याच्या गावात मैफल सुटल्यानंतरचा अर्धा तास आठवून पाहा. साडेनऊ-पावणेदहा झालेले. पार्किंगमधून गाड्या निघायलाच दहा मिनिटे गेलेली. गाडीत आजी-आजोबा, पेंगुळलेली मुले. बऱ्या दिसणाऱ्या हॉटेलपाशी थांबावे तर निम्म्या टेबलांवर खुर्च्या उलट्या चढवलेल्या, फरशीवर फिनेलचा पोछा फिरतो आहे. काउंटरवरून उत्तर येते, ‘तंदूर बंद झालाय, फ्राइड राइस होईल.’ पुढच्या हॉटेलात जेवण मिळते, पण ते परमिट रूमला लागून आहे, म्हणून बायका गाडीतून उतरत नाहीत. शेवटी सगळे घरी जाऊन दूध-पोळी खातात. एका टेबलाचा हजार-दीड हजारांचा धंदा गेला, हे नुकसान आपल्याला दिसते. पुढच्या वेळी ते कुटुंब जेवूनच घराबाहेर पडते किंवा कार्यक्रमालाच येत नाही, हे त्याहून मोठे नुकसान आपल्या हिशेबात येत नाही.

यावर ‘इथे एवढे स्टायलिश हॉटेल चालणार नाही’ असे उत्तर आपल्यापैकी अनेकजण देतात. ते आम्हाला मान्य नाही. विद्यानगरी आणि एमआयडीसीमुळे बारामतीत बाहेरगावचे प्राध्यापक, अभियंते, विद्यार्थी राहतात. ऊस, डाळिंब, द्राक्षांवर उभे राहिलेले बागायतदार कुटुंब पुण्या-मुंबईत जाऊन उत्तम जेवून येते. चव आणि रुबाब दोन्ही कळणारा ग्राहक इथेच आहे. आपली चूक एवढीच की, रुबाब म्हणजे पीओपीचे छत, रंग बदलणारे दिवे आणि बारा पानांचा मेन्यू असे आपण धरून चाललो. मैफल ऐकून आलेल्या माणसाच्या कानात अजून सूर असतात. त्याला भिंतीवरचा टीव्ही आणि ढणढणती गाणी नको असतात. पदार्थाचा रंग दिसेल इतका उबदार उजेड, दोन टेबलांत अंतर, डाग नसलेला ग्लास, स्वच्छ आणि कडी लागणारे स्वच्छतागृह, आणि पदार्थ काय आहे ते नीट सांगणारा वाढपी हवा. याला फार भांडवल लागत नाही, रोजची शिस्त लागते.

पानात काय वाढायचे, त्यासाठीही लांब जायला नको. उजनीच्या फुगवट्यामुळे भिगवण-इंदापूर पट्ट्यात मरळ, वाम, चिलापी, कटला ही गोड्या पाण्यातली मासळी ताजी मिळते आणि सोलापूर महामार्गावरच्या ढाब्यांनी तिच्यावर नाव कमावले आहे. तीच मरळ काटे काढून, मोजक्या मसाल्यात तव्यावर परतून, ज्वारीच्या छोट्या भाकरीबरोबर देखण्या ताटात का येऊ नये? शाकाहारी पाहुण्यासाठी भरले वांगे, पिठले, हिरवा ठेचा, ताजे लोणी आहे. शेवटी इंदापूरच्या डाळिंबाचे दाणे घातलेले थंड दही आणि निमगाव केतकीच्या पानाचा विडा. असे ताट पुण्यातला पाहुणाही लक्षात ठेवील.

खरी अडचण वेळेची आहे. तिची उकल भाकरीच्या उदाहरणावरून होते. एका तव्यावर एक भाकरी तीन मिनिटांत धरली, तर तासाला वीस होतात. कार्यक्रम सुटला आणि चार-चार माणसांची दहा टेबले एकदम भरली, तर माणशी दोन हिशेबाने ऐंशी भाकरी लागतात. एका तव्यावर ते चार तासांचे काम. भाकरीवाल्या मावशी साडेनऊला घरी गेलेल्या असल्या तर तेही नाही. म्हणून कार्यक्रमाच्या रात्री तीन-चार तवे आणि थापणारे तेवढे हात ठेवावे लागतील. मेन्यू कमी करून दोन ताटे आणि चार पदार्थ एवढाच ठेवावा लागेल. रस्सा-भाजी आधी तयार ठेवली, तर ती साठ अंशांच्या वर गरम आणि दही-कोशिंबीर पाच अंशांच्या आत थंड ठेवणे अन्नसुरक्षेच्या नियमांत बसते आणि पाहुण्याच्या पोटालाही मानवते. लंडन-न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांभोवतीची हॉटेले अनेक वर्षे हेच करतात: खेळाच्या आधी ठरलेल्या किमतीत दोन-तीन पदार्थांचे जेवण, आणि पडदा उघडण्याआधी बिल हातात.

कार्यक्रमांची वेळही आपल्याला आधी कळते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बाराची सवलत देते, तेवढे सोडले तर मैदानावरची मैफल दहाच्या आत संपणार हे पक्के. बंद सभागृहात साडेपाचचे नाटक मध्यंतर धरून आठच्या सुमारास सुटते, तेव्हा जेवण नंतर. साडेनऊचा प्रयोग असेल तर जेवण साडेसात ते नऊ, म्हणजे आधी. दिवाळी पहाट असेल तर सकाळी आठ-नऊला उपमा, थालीपीठ आणि फिल्टर कॉफीची गर्दी. या तिन्ही वेळा वेगळ्या आहेत आणि तिन्हींची तयारी वेगळी आहे. आयोजकाला एक फोन केला की किती तिकिटे गेली आणि पडदा कधी पडणार हे समजते.

रात्री उशिरापर्यंत हॉटेल चालू ठेवायला कायद्याची आडकाठी आहे, असे अजून काहीजण म्हणतात. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ने व्यवसायाच्या दिवसांची आणि वेळांची बंधने बरीच सैल केली आहेत. मद्यविक्रीच्या वेळा वेगळ्या, त्या पाळायच्याच. रात्री साडेनऊनंतर महिला कर्मचाऱ्यांना काम द्यायचे तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरी सोडण्याची व्यवस्था मालकाने केली पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे. भाकरी थापणाऱ्या मावशींना रात्री अकराला रस्त्यावर सोडून आपला धंदा वाढवायचा नाही. घरापर्यंतच्या रिक्षाचे भाडे आणि जादा वेळेचा मोबदला ताटाच्या किमतीत धरा. चांगले जेवण वेळेवर मिळाले तर पाहुणा तेवढे आनंदाने देतो.

इंदापूरच्या मित्रांना वेगळे सांगायचे आहे. गावोगावच्या यात्रा, शाळा-महाविद्यालयांची मैदाने, मंगल कार्यालये यांत होणारे कार्यक्रम हेच तुमचे प्रेक्षागृह. शिवाय बारामतीहून रात्री परतणारा माणूस तुमच्याच दारावरून जातो. महामार्गालगतच्या हॉटेलात परमिट रूमपासून पूर्ण वेगळा, स्वतंत्र दाराचा, उजेडाच्या पार्किंगचा कुटुंब विभाग करा. आज ही सोय करणारा उद्या या रस्त्यावरचे पहिले नाव होईल.

आमचे मत स्पष्ट आहे. नाट्यगृह आणि हॉटेल ही एकाच संध्याकाळची दोन अंगे आहेत. एक लंगडे पडले की दुसरेही फार काळ चालत नाही. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उघडले आणि त्याच्या मध्यंतरातला बटाटेवडा पुण्याच्या नाट्यप्रेमाचा भाग झाला. आपल्या भागाला तशी ओळख द्यायची तर ती आपल्याच भटारखान्यातून येईल.

म्हणून सर्व व्यावसायिकांना विनंती: पुढच्या महिन्यात आपल्या गावात कोणते कार्यक्रम आहेत, याची यादी आजच करा. आयोजकांना भेटा, तिकिटामागे हॉटेलचे नाव आणि टेबल राखण्याचा फोन नंबर छापून घ्या. गूगल मॅपवरची बंद होण्याची वेळ खरी लिहा. त्या रात्री शेवटची ऑर्डर सव्वाअकराला घ्या आणि तसे दारावर लावा. निदान एका कार्यक्रमाला हे करून पाहा आणि काय जमले, काय अडले ते आम्हाला लिहून कळवा. तुमचे अनुभव आम्ही या मासिकात छापू.