झिरोचा पाऊस रेडिओवर

अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यात सप्टेंबरच्या अखेरीस संगीत महोत्सव भरतो, तेव्हा पाऊस बहुधा मुक्कामालाच असतो. २०१२ पासूनच्या या महोत्सवाचे मंच बांबूचे. भोवती आपातानी लोकांची भातखाचरं, आणि त्याच खाचरांच्या पाण्यात वाढणारे मासे. छायाचित्रकाराला इथे ढग आणि चिखल आयते मिळतात. रेडिओच्या वार्ताहराची मात्र खरी परीक्षा असते. छत्रीवर थेंब पडू लागले की माईकमध्ये लाह्या फुटतात, रेकॉर्डरवर घातलेली प्लॅस्टिकची पिशवी प्रत्येक वाक्यात चुरचुरते, माईकची स्पंजची टोपी भिजली की माणूस गोधडीखालून बोलल्यासारखा वाटतो. म्हणून मुलाखत आडोशाला घ्यावी आणि निव्वळ पाऊस दोन मिनिटं वेगळा टिपून ठेवावा. तोही कुठला, हे महत्त्वाचं: मोकळ्या रानातला पाऊस रेडिओवर नुसती खरखर वाटतो, पत्र्यावरचा, बांबूवरचा, चिखलातून उपसलेल्या गमबुटाचा आवाज सोबत आला की ऐकणारा तिथे पोहोचतो. मला या कामाचं मोल फार वाटतं, कारण ईशान्येतल्या भाषांमधून स्वतःची गाणी रचून या मंचांवर गाणारी मुलं आपल्या कानांवर एरवी येतच नाहीत. बातमीत त्यांच्या वाट्याला येतात जेमतेम काही सेकंद, आणि गाणं अंतऱ्याआधीच तुटतं. रेडिओ केंद्रं चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: वार्ताहर भिजून परत आला की त्याला अर्धा तास द्या, आणि निदान एक गाणं पुरतं वाजू द्या.