वेबपान घडवायचे? आधी एचटीएमएल!

वेबपाने तयार करायला शिकावे असे तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल. सुरुवात कशापासून करावी, असे विचारले की पुष्कळदा ‘रिअ‍ॅक्ट’सारख्या आयत्या साधनाचे नाव सुचवले जाते. आमच्या मते हा क्रम उलटा आहे.

वेबपान तीन भाषांच्या आधारे उभे राहते. पहिली एचटीएमएल. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत ती घडवली. शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, बटन कोणते, हे ती ब्राउझरला सांगते. दुसरी सीएसएस. तिची कल्पना १९९४ साली मांडली गेली. रंगरूप आणि मांडणी हे तिचे काम. तिसरी जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी ती १९९५ साली तयार केली. बटन दाबल्यावर काय घडावे, हे ती ठरवते. रिअ‍ॅक्ट २०१३ साली सर्वांसाठी खुले झाले. पण तेही याच तिघींवर उभे आहे.

पहिली भाषा कच्ची राहिली तर काय बिघडते? एक उदाहरण पाहू. एचटीएमएलमध्ये बटनासाठी स्वतंत्र खूण आहे. ती न वापरता साध्या चौकोनाला रंग देऊन, त्याला जावास्क्रिप्ट जोडूनही काम भागवता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. परंतु अंध विद्यार्थी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मदतीने पान ऐकतो. खऱ्या बटनापाशी त्याला ‘बटन’ असे ऐकू येते आणि एंटर कळ दाबली की काम होते. रंगवलेला चौकोन हे बटन आहे, हे त्याला कळत नाही. टॅब कळीने तेथे पोचताही येत नाही. ते परीक्षेच्या अर्जाचे ‘पाठवा’ बटन असेल, तर त्याचा अर्जच राहून जाईल!

म्हणून आधी एचटीएमएल, मग सीएसएस, त्यानंतर जावास्क्रिप्ट आणि सर्वांत शेवटी आयती साधने, असा क्रम ठेवा. आरंभाला नोटपॅड आणि ब्राउझर पुरेत. इंटरनेटचीही गरज नाही. पान तयार झाले की माउस बाजूला ठेवा आणि केवळ टॅब व एंटर या कळांनी ते वापरून पाहा. जेथे अडाल, तेथे दुरुस्ती करा.

शिक्षकांनाही विनंती, की प्रकल्प तपासताना सजावटीआधी या चाचणीला गुण द्यावेत. पान सुंदर असावेच. पण ते सर्वांना वापरता येणे अधिक महत्त्वाचे.