झारेकरीण आणि सोनं

सोन्याचा भाव सांगायला जळगावात माणसं कमी नाहीत, तेव्हा मी दुसरंच सांगतो. या आठवड्यात सराफ बाजारात, दुकानं उघडण्याआधी, एक झारेकरीण सोन्याच्या कणांसाठी गटाराकडेचा गाळ घमेल्यात घोळून धूत होती. पाणी ओतायचं, माती जाऊ द्यायची, तळची काळी कणी बोटाने चाचपायची. सोनं मुळात अशाच कष्टाने निघतं. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या कामगारांनी ते तीन किलोमीटरहून खोल, तापलेल्या दगडात, छातीत धूळ भरून घेत काढलं. ज्या हातांनी सोनं उपसलं, त्याच हातांचे ठसे गुन्हेगारासारखे द्यायचे म्हटल्यावर १९३० साली त्यांनी संप केला. खाण २००१ साली बंद झाली, पण तो संप मला त्यांच्या सोन्याहून मोलाचा वाटतो. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र आणलं आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. साने गुरुजी तर आपल्या खानदेशातल्या कामगारांसाठी झटले. एवढा वारसा गाठीशी असताना ज्या बाजाराची ख्याती गावोगाव आहे, तिथल्या तेजाबाच्या धुरात वाकून बसलेल्या प्रत्येक कारागिराच्या नावाची नोंद झालीच पाहिजे, त्याला हक्काची सुट्टी आणि विमा मिळालाच पाहिजे. बंगालातून आलेल्या पोरांनाही. यात परवडत नाही वगैरे बोलणं मी ऐकून घेणार नाही: घडणावळ गिऱ्हाइकाकडून घेतलीच जाते. आणि नोंद करायला बसाल तेव्हा त्या झारेकरणीचंही नाव विचारा.