रेडिएशनचा नंबर कितीचा?

तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घ्यावे लागते, तेव्हा ते साधारण सहा ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालते. किरणांची मात्रा किती, ते कोणत्या कोनातून सोडायचे, याचा हिशेब मिलिमीटरपर्यंत केला जातो. वेळ मात्र यंत्र कधी मोकळे आहे यावर ठरते. कुणाला सकाळी आठचा नंबर मिळतो, कुणाला संध्याकाळी सहाचा. शरीराला या दोन्ही वेळा सारख्याच, असे यात गृहीत धरलेले असते.

ते तसे नाही. शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत चोवीस तासांचे घड्याळ चालते. फळमाशीवरील संशोधनातून त्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ मध्ये नोबेल मिळाले. पेशीने कधी विभागायचे आणि डीएनएची मोडतोड कधी वेगाने दुरुस्त करायची, यावरही या घड्याळाचा अंमल असतो. विभाजनाच्या उंबरठ्यावर असलेली पेशी किरणांना लवकर बळी पडते. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सकाळी किरण दिलेल्या उंदरांचे ८५ टक्के केस गळाले, संध्याकाळी दिलेल्यांचे अवघे १७ टक्के. अर्थात उंदीर निशाचर आहे, त्याचे वेळापत्रक माणसाला जसेच्या तसे लावता येत नाही.

माणसांवरच्या महत्त्वाच्या चाचण्या भारतातही झाल्या आहेत. लखनौच्या वैद्यकीय विद्यापीठातील डॉक्टरांनी तोंड-घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे सकाळी आणि संध्याकाळी रेडिएशन घेणारे असे दोन गट केले. तोंड गंभीररीत्या सोलवटण्याचे प्रमाण सकाळच्या गटात २६ टक्के, तर संध्याकाळच्या गटात ३८ टक्के आढळले. कॅनडातील अशाच चाचणीतही कल सकाळच्या बाजूने होता. मात्र दोन्हीकडचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरेसा ठरला नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत लखनौलाच चित्र उलटे निघाले. सकाळी किरण घेणाऱ्या ८७ टक्के महिलांना जुलाबाचा त्रास झाला, संध्याकाळी घेणाऱ्यांपैकी ६८ टक्के जणींना. हा फरक कसोटीवर टिकला.

म्हणजे ‘सकाळ चांगली’ असा सरसकट नियम नाही. तोंडाच्या अस्तराची वेळ वेगळी, आतड्याची वेगळी. गाठीवर होणारा परिणाम वेळेनुसार बदलतो का, याचे उत्तरही या चाचण्यांतून मिळालेले नाही. म्हणून हा विषय सोडून द्यायचा का? तोंड सोलवटले की घास गिळणे दूरच, पाणीही झोंबते. काहींना नाकातून नळी घालावी लागते, काहींचे उपचार मध्येच थांबतात आणि त्या खंडात गाठीला पुन्हा वाढायला वाव मिळतो. तंबाखू-गुटख्याने तोंडाचा कर्करोग घरोघरी पोहोचवलेल्या महाराष्ट्रात हा प्रश्न किरकोळ नाही.

यंत्रे कमी आणि रुग्ण जास्त असताना सगळ्यांना सोयीची वेळ कशी देणार, हा आक्षेप रास्त आहे. पण वरचे निष्कर्ष खरे असतील, तर दोन्ही गटांची गरज परस्परपूरक आहे. तोंडाचे रुग्ण आधी आणि ओटीपोटाचे नंतर, अशी रांग लावायला नवे यंत्र लागत नाही. जिथे शक्य आहे तिथे ते करून पाहावे. दुसरे काम याहून सोपे आहे. प्रत्येक सत्राची वेळ यंत्राच्या संगणकात नोंदलेली असतेच. मोठ्या सरकारी आणि विश्वस्त रुग्णालयांनी ती नोंद रुग्णाच्या त्रासाशी ताडून पाहिली, तर आज कुंपणावर असलेल्या प्रश्नाचा निकाल काही वर्षांत लागू शकेल. नवी औषधे, नवी यंत्रे यांवर कोट्यवधी खर्च होत असताना घड्याळाकडे पाहायला पैसे पडत नाहीत.

रुग्णांनी मात्र यातून घाईचा अर्थ काढू नये. ‘सकाळचा नंबर मिळेपर्यंत थांबू’ म्हणत एकही दिवस बुडवणे धोक्याचे आहे. संध्याकाळच्या वेळेमुळे गावाकडची शेवटची एसटी चुकत असेल, तर तीही अडचण डॉक्टरांना सांगावी. वेळ बदलता येईल का, हे विचारायला हरकत नाही. ती बदलली नाही, तरी ठरलेल्या दिवशी यंत्राखाली जाणे हेच सर्वात महत्त्वाचे.