नुसती सही

पतसंस्थेत नोकरी आहे म्हटलं की वस्तीत लोकांना वाटतं, हा माणूस पैसे वाटतो. मी व्हाउचर लिहितो, कर्जप्रकरणं तपासतो आणि कपातीची यादी करून दर महिन्याला पगार विभागाकडे पाठवतो. जून महिन्यात फी-वह्यांसाठी आणि लग्नसराईच्या तोंडावर टेबलासमोर रांग लागते. रांगेत बहुतेक ओळखीचेच. रविवारी विहारात वंदनेला शेजारी बसलेला माणूस सोमवारी हळूच म्हणतो, "भाऊ, आपलं प्रकरण जरा वर ठेवा." वर ठेवलं नाही की, 'आपलाच माणूस आपल्याला अडवतो' हे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं.

आमची संस्था नोकरदारांची. इथे साध्या कर्जाला सोनं गहाण नाही, घर गहाण नाही. दोन सहकाऱ्यांच्या सह्या, हेच तारण. ज्यांच्या बापजाद्यांच्या नावावर सातबारा नव्हता, त्यांना सावकाराच्या दारातून बाहेर काढलं ते याच सह्यांनी. म्हणून ही पद्धत वाईट असं माझ्याच्याने म्हणवत नाही. पण या सहीपायी मी एका बाईंचा अपराधी झालो, ते आज सांगतो.

सफाई खात्यातल्या एक ताई. आमच्या मंडळाने विहारात चालवलेल्या साक्षरता वर्गात त्या सही शिकल्या. महिनाभर पाटीवर तेवढंच गिरवत होत्या. पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही करून पगार घेतला, त्या दिवशी सगळ्या वर्गाला त्यांनी पेढे दिले होते. २०१२ साली त्यांच्याच खात्यातले एक गृहस्थ कर्जाला आले. दुसरा जामीनदार मिळेना, म्हणून ताईंना घेऊन आले. ताईंनी कागदावर बोट ठेवून मला विचारलं, "दादा, हे कशाचं हाय?" पगाराचा आठवडा, मागे आठ-दहा माणसं ताटकळत उभी. मी म्हणालो, "काही नाही ताई, नुसती सही."

दीड वर्षाने त्या गृहस्थांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कार्यालयाने आमचा बेबाकी दाखला न मागताच त्यांचा हिशेब चुकता केला. ७२,००० रुपये बाकी राहिली. संचालक मंडळाने ती दोन्ही जामीनदारांवर निम्मी-निम्मी टाकली. ताईंच्या पगारातून महिना १,५०० रुपये कापायचं ठरलं. कपातीची ती यादी माझ्याच हातची.

पुष्कळांची समजूत असते की संस्था आधी कर्जदाराला धरते आणि तिथे काहीच हाती लागलं नाही तर मग जामीनदाराकडे वळते. तसं नाही. करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेला सरळ जामीनदाराकडे जाता येतं. आणि ती जाते, कारण निवृत्त माणसाच्या सरकारी पेन्शनवर, भविष्यनिर्वाह निधीवर जप्ती आणता येत नाही. जामीनदार मात्र नोकरीत असतो, दर महिन्याच्या पगारासकट. शिवाय कर्जरोख्यावर त्याने कपातीला संमती दिलेलीच असते. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली निघाला, हे आम्ही कार्यकर्ते दर जयंतीला व्यासपीठावरून सांगतो. आपल्याच कर्जरोख्यावरच्या बारीक ओळी मात्र वाचत नाही.

पहिली कपात झाली आणि ताई आल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, मी तर एक रुपया घेतला नाय. तुमीच म्हनला व्हता ना, नुसती सही हाय?" मी कलम सांगू लागलो. मग माझं मलाच ते बोलणं ऐकवेना. दर रविवारी चौथं शील म्हणणारा मी, रांग हलावी म्हणून त्यांच्याशी खोटं बोललो होतो.

जामीनदाराने भरलेली रक्कम त्याला कर्जदाराकडून मागता येते. तोही हक्क कायद्यात आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. ताईंकडून भरण्याच्या पावत्या जमवल्या, अर्ज लिहिला आणि त्यांना घेऊन त्या गृहस्थांच्या घरी गेलो. दोन-तीन खेपांत मिळून ९,००० रुपये निघाले. नंतर दार उघडलं नाही. दावा लावू म्हटलं, तर ताईच नको म्हणाल्या. कोर्टाच्या खेपा म्हणजे खाडे आणि खाडा म्हणजे पगार गेला. पुरी दोन वर्षं कपात चालली. त्यातल्या एका जूनमध्ये त्यांच्या मुलीची फी राहिली. ती मी भरायला गेलो, तर त्यांनी घेतली नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक जामीनदाराला कर्जरोखा मोठ्याने वाचून दाखवतो. रांगेतले कुरकुरतात. अध्यक्षांकडे तक्रारही गेली की हा लोकांना घाबरवतो, कर्जवाटप कमी होतं. वाचून झाल्यावर काही जण उठून जातात खरे. कर्जदार मग माझ्याकडे बघतो, आणि त्या बघण्याची मला अजून सवय झालेली नाही.

पुढे एकदा ताई पुन्हा जामीनदार म्हणून आल्या, शेजारणीच्या कर्जाला. मी वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "हप्ते किती?" म्हटलं, छत्तीस. "हिची नोकरी किती राहिली?" फाइल काढून सांगितलं, पाच वर्षं. बोटांवर हिशेब केला, शेजारणीकडे एकदा नीट पाहिलं आणि पाटीवर गिरवायच्या तशी सावकाश सही केली.

"आता याची झेरॉक्स द्या," म्हणाल्या.