इकडची खसखस, तिकडचा गुन्हा

अनारसे म्हटले की खसखस आलीच. धाराशिवच्या किराणा दुकानात ती सहज मिळते. पण तीच पुडी दुबईला नेली तर अडचण! खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, म्हणून संयुक्त अरब अमिरातीत तिला बंदी आहे.

उलटंही घडतं. अमेरिकेने २०१८ च्या कृषी कायद्याने भांगेच्याच जातीचं, पण नशेचा घटक ०.३ टक्क्यांहून जास्त नसलेलं हेम्प अमली पदार्थांतून वगळलं. त्याचं सीबीडी तेल तिथे दुकानात दिसतं. आपल्याकडे मात्र १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. त्यात नुसतं बी किंवा पानं म्हणजे गांजा नव्हे, पण फुलोरा म्हणजे गांजाच. मग पाहुण्यांनी आणलेलं तेल कशातून काढलंय, हे बाटली बघून आपल्याला कसं कळणार?

म्हणून मला वाटतं, परिसर अभ्यास शिकवताना "कायदा पाळा" एवढ्यावर थांबू नये. कायदा देशागणिक बदलतो, हेही मुलांना सांगावं. आणि पालकांनी घरी एवढं बजावावं: दुसऱ्याने दिलेली बंद पुडी सोबत न्यायची नाही. "आमच्याकडं चालतं" हे उत्तर विमानतळावर चालत नसतं.