उकिरडा परत आणूया

शिवरे, भोर भागात पूर्वी घरोघरी उकिरडा असायचा. शेण, राख, भाजीची देठं त्यात कुजायची आणि पावसाळ्याआधी तेच खत शेतात जायचं. आता त्याच उकिरड्यावर वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, डायपर पडतात. असं खत शेतात कोण घालणार? मग काडी लावली जाते आणि तो विषारी धूर आपलीच पोरं श्वासात घेतात.

भंगारवाला रद्दी, लोखंड, बाटल्या नेतो. पाकिटं नेत नाही. कारण त्यांत वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सहज सुटत नाहीत.

केंद्राच्या 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितलं. 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदीही आली. आपण मात्र वर्गात अजून 'स्वच्छतेचे महत्त्व' हा निबंधच लिहून घेतो.

निबंध जरूर घ्या. पण पालकहो, घरात ओल्यासाठी वेगळी बादली ठेवा, म्हणजे उकिरडा पुन्हा खत देईल. आणि पाकिटांचं काय करायचं, हे ग्रामसभेत विचारा. हा प्रश्न पोरांनी सोडवायचा नाही, आपण मोठ्यांनी सोडवायचा आहे.